फाटलेलं डिपिंग : तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा शेडवरचं प्रकरण

फेब्रुवारीचा मधला आठवडा. तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सावळजच्या बाजूला, भाड्याच्या एका बेदाणा शेडवर तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षांचा माल उतरला. गोडी २३ ब्रिक्स, मणी घट्ट, भुरीचा डाग नाही. घड क्रेटसकट डिपिंगच्या टपात, म्हणजे लवकर वाळावेत म्हणून तेल आणि पोटॅशियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात, बुडवले आणि रॅकच्या जाळ्यांवर पसरले. तिसऱ्या दिवशी जाळीवरून हात फिरवला तर एकाच क्रेटमधल्या घडांत तीन तऱ्हा दिसल्या. काही मणी तेलकट, तपकिरी आणि बोटाला चिकटणारे. काही नीट सुरकुतायला लागलेले, हिरवे. आणि घडाच्या पोटातले बरेचसे मणी अजून टम्म, जणू सकाळीच वेलीवरून काढलेत.

शेडवरचा पहिला संशय तेलावर गेला. "आण्णा, तेलच बनावट आलंय," असं मजुरांपासून मालकापर्यंत सगळे म्हणत होते. पण त्याच खोक्यातल्या तेलाने शेजारच्या शेडवर माल नीट वाळत होता. मात्रा तीच, हात तेच, टप तोच. यंदा बदललं होतं ते फक्त पाणी. मागच्या हंगामात डिपिंगला शेततळ्यातलं, म्हणजे उपसा योजनेच्या आवर्तनातून भरून ठेवलेलं पाणी वापरलं होतं. यंदा आवर्तन लांबलं, म्हणून बोअर चालू केला. त्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा तपासला तेव्हा तो कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला ६०० मिलीग्रॅम निघाला. टीडीएस मीटर शेडवर होता, पण तो एकूण विरघळलेले क्षार सांगतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि सोडियम किती हे त्यावरून कळत नाही, आणि या प्रकरणात महत्त्व आहे ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला.

टपात नेमकं काय चाललेलं असतं

डिपिंगची नेहमीची मात्रा लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. २०० लिटरच्या टपाला ५ किलो कार्बोनेट आणि ३ लिटर तेल. डिपिंग ऑइलचा मुख्य भाग इथाइल ओलिएट. त्याचं काम मण्याच्या सालीवरच्या मेणावर. द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवलं की पुसली जाणारी पांढरी झाक म्हणजे मेणाच्या बारीक पापुद्र्यांचे एकावर एक थर. ते आतलं पाणी सहज बाहेर जाऊ देत नाहीत. तेल या पापुद्र्यांत शिरलं की त्यांची मांडणी बदलते आणि पाण्याला वाट मिळते. डिपिंग न केलेला माल वाळायला महिनाभर लागू शकतो, डिपिंग केलेला साधारण पंधरवड्यात निघतो. हिरवा रंग टिकतो तोही या वेगामुळेच. मणी जितके दिवस ओला राहील तितका तो तपकिरी होत जातो.

तर तेल मण्यापर्यंत पोचवायचं आहे, प्रत्येक मण्यावर सारखं आणि अगदी पातळ. नुसत्या तेलात घड बुडवणं परवडणारं नाही आणि उपयोगाचंही नाही, कारण जाड थर चिकटून बसतो. म्हणून तेल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात पसरवायचं. अशा मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. दूध हे त्याचं रोजचं उदाहरण.

तेल आणि पाणी आपणहून मिसळत नाहीत याचं कारण पाण्यात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलाचे रेणू या पकडीत सामील होऊ शकत नाहीत, त्यामुळे पाणी त्यांना बाजूला ढकलतं आणि दोघांमधली सीमा शक्य तितकी लहान ठेवतं. आमटीवरच्या तवंगाचे बारीक डोळे एकमेकांना भिडून मोठे होतात ते यामुळेच. ही सीमा वाढवायची तर ताकद लावावी लागते, आणि वाढवलेली सीमा टिकवायची तर कुणीतरी तिच्यावर उभं राहावं लागतं.

ते काम सर्फॅक्टंटचं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं टोक लांब शेपटीसारखं, तेलात रुतणारं. साबण हा सर्वांत जुना सर्फॅक्टंट. हा रेणू बरोबर सीमेवर जाऊन बसतो, शेपटी तेलात आणि डोकं पाण्यात. त्यामुळे सीमेवरचा ताण उतरतो आणि थोडं घुसळूनही बारीक थेंब पडतात. शिवाय साबणाच्या डोक्यांवर ऋण विद्युतभार असतो. अंगावर सारखाच भार घेतलेले थेंब एकमेकांना दूर लोटतात आणि पुन्हा एकत्र होत नाहीत.

डिपिंगमध्ये हा साबण कुठून येतो? बाजारातल्या डिपिंग ऑइलमध्ये इथाइल ओलिएटबरोबर थोडं मोकळं ओलिक आम्ल असतं, काहींत वेगळा इमल्सिफायरही असतो. कार्बोनेटचं द्रावण अल्कधर्मी, सामू ११ च्या आसपास. तेलाचा थेंब या द्रावणाला भिडला की सीमेवरच ओलिक आम्ल आणि पोटॅश यांचा साबण तयार होतो, पोटॅशियम ओलिएट. साबण जिथे हवा तिथेच जन्माला येतो ही या पद्धतीची खरी खुबी आहे. राखेचं क्षारपाणी आणि ऑलिव्ह तेल एकत्र करून द्राक्षं बुडवण्याची भूमध्य समुद्राकाठची प्राचीन रीत याच रसायनावर चालत आली. कार्बोनेटला शेडवर बरेच जण फक्त "साल मऊ करायचं औषध" समजतात, पण त्याच्याशिवाय तेल पाण्यात उभंच राहत नाही.

अठरा गुंठ्यांचा हिशोब

सर्फॅक्टंटला किती मोठं काम करायचं असतं हे आकड्यांत पाहिलेलं बरं. ३ लिटर तेलाचे १० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग १,८०० चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ अठरा गुंठे. तेच थेंब एक मिलीमीटरचे राहिले तर जेमतेम १८ चौरस मीटर, एका खोलीएवढे. बांबूने ढवळल्यावर जे दिसतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं.

थेंब किती वेगाने वर येतो हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. पाणी आणि हे तेल यांच्या घनतेतला फरक धरला तर १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला साधारण ०.८ मिलीमीटर चढतो. दहा मिनिटांत ४५ ते ५० सेंटिमीटर, म्हणजे टपाच्या तळापासून थेट वरपर्यंत. १० मायक्रॉनचा थेंब तेवढ्याच वेळात अर्धा सेंटिमीटरच चढतो. क्रेट टपात दोन ते चार मिनिटं राहतं. या वेळात तेल सगळीकडे सारखं असायला हवं, तर थेंब १० मायक्रॉनच्या जातीचे हवेत.

आता गंमत अशी की अठरा गुंठ्यांवर साबणाचा एकेक रेणूचा थर द्यायला साबण लागतो फक्त दोनेक ग्रॅम. मग एवढ्याने भागत का नाही? एक तर साबणाचा काही भाग पाण्यातच विरघळून राहतो आणि तो राहिल्याशिवाय सीमा नीट भरत नाही. पण बोअरच्या पाण्यात त्याहून मोठा गिऱ्हाईक बसलेला असतो.

कठीण पाण्यातलं कॅल्शियम साबणाला पकडतं. एक कॅल्शियम दोन साबणरेणूंना धरतो आणि न विरघळणारी चिकट मळी तयार होते, कपडे धुताना बादलीच्या काठाला बसते तीच. हिशोब सोपा आहे: कॅल्शियम कार्बोनेटच्या मापातला एक ग्रॅम कठीणपणा सुमारे सहा ग्रॅम साबण खातो. ६०० मिलीग्रॅम कठीणपणाच्या २०० लिटर पाण्यात हे १२० ग्रॅम होतात, म्हणजे ७२० ग्रॅम साबणाची भूक. ३ लिटर तेलाचं वजन २.६ किलो. त्यात समजा दहा टक्के भाग साबण होण्याजोगा आहे, तरी मिळतात २६० ग्रॅम. पाण्याने तो सगळा गिळला आणि भूक उरलीच. तेलापर्यंत साबण पोचलाच नाही.

या शेडवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी टपात कपड्याची पावडर टाकून पाहिली. फेस खूप आला, त्यामुळे टप "जिवंत" झाल्यासारखा वाटला. खाण्याच्या मालावर वास, रंग आणि पांढरे करणारे पदार्थ असलेली पावडर जाता कामा नये, हे आधी. फेस येणं म्हणजे तेल बारीक थेंबांत फुटणं नव्हे, हे नंतर. तो टप ओतून टाकावा लागला आणि त्यातून काढलेले क्रेट वेगळे ठेवून माल बाद केला.

चार बाटल्या

तेल, पाणी की कृती, यातलं कोण चुकतंय हे ठरवायला एक लिटरच्या चार पारदर्शक, सरळ अंगाच्या बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली तेल, पन्नास वेळा हलवणं, मग स्थिर ठेवून दहा मिनिटांनी आणि तासाभराने बघणं. आतला व्यास ८ सेंटिमीटर असलेल्या बाटलीत सगळं तेल सुटलं तर वर बरोबर ३ मिलीमीटरचं कडं उभं राहतं, त्यामुळे कड्याची जाडी मोजली की किती तेल निसटलं ते लगेच कळतं.

पहिलीत शेडवरचीच कृती: बोअरचं पाणी, आधी तेल, मग वरून कोरडं कार्बोनेट. दहा मिनिटांत २ मिलीमीटरचं पिवळसर कडं, म्हणजे दोन तृतीयांश तेल वर. कड्याच्या खाली दह्याच्या गुठळीसारखे पांढरे तुकडे काचेला चिकटलेले, आणि तळाला पांढरा गाळ. दुसरीत बोअरचंच पाणी, पण आधी कार्बोनेट विरघळवलं आणि लगोलग तेल. सुरुवातीला छान दूध, तासाभराने अर्धा मिलीमीटर कडं आणि थोड्या गुठळ्या. तिसरीत कार्बोनेट घातलेलं बोअरचं पाणी रात्रभर निवळू दिलं आणि वरचं नितळ पाणी घेऊन त्यात तेल. चौथीत गावातल्या आरओच्या जारचं पाणी. तिसरी आणि चौथी यांत फरक ओळखू येईना: तासाभराने वर सायीसारखी किंचित दाट पट्टी, तेलाचं कडं नाही, आणि एकदा उलटीसुलटी केली की पुन्हा एकसारखं दूध.

तेल निर्दोष ठरलं. बोअरचं पाणीही वापरण्याजोगं निघालं. बिघडला होता तो क्रम.

पहिल्या बाटलीतला एक प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण टपातही तोच झाला आणि त्यानेच सगळे फसले. कार्बोनेट टाकताच बोअरचं पाणी पांढरं झालं. शेडवर तेच पाहून "फुटलं तेल" असं म्हटलं गेलं. प्रत्यक्षात तो चुना होता: कार्बोनेट आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचा न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट. पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. चुन्याचा पांढरेपणा ठेवल्यावर खाली बसतो, तेलाच्या थेंबांचा पांढरेपणा वर चढतो. बाटली दहा मिनिटं ठेवून कुठली बाजू आधी नितळते ते पाहिलं की संपलं. वरचा भाग आधी नितळला तर तो चुना.

गुठळ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. १९१६ साली क्लोज या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सोडियमसारख्या धातूचा साबण असला तर तेलाचे थेंब पाण्यात राहतात, आणि त्याच मिश्रणात कॅल्शियमचा साबण झाला की उलट, पाण्याचे थेंब तेलात अडकतात. कारण डोळ्यांसमोर आणता येतं. पोटॅशियमच्या साबणाला एक डोकं, एक शेपटी, आणि डोकं पाण्यात ऐसपैस बसलेलं. कॅल्शियमच्या साबणात एका डोक्याला दोन शेपट्या. तो पाण्यात मावत नाही, तेलातच रमतो, आणि ज्या द्रवात सर्फॅक्टंट रमतो तोच द्रव बाहेरचा होतो. साय घुसळून लोणी निघतं तेव्हा असाच पालट होतो: पाण्यात चरबी होती, ती चरबीत पाणी होऊन बसते. पहिल्या बाटलीतला गोळा बोटावर घेऊन स्वच्छ पाण्यात टाकला तर तो लोण्यासारखा तरंगत राहतो, पसरत नाही. तिसऱ्या बाटलीतला थेंब पाण्यात पडताच धुरासारखा विरतो. इमल्शन सुलट आहे की उलटलंय हे ओळखायची ही खात्रीची आणि फुकटची चाचणी.

टपात उलटलेला हा थर पृष्ठभागावर तरंगत होता. ४५ सेंटिमीटर खोल टपात दोन तृतीयांश तेल वर आलं तर साडेचार मिलीमीटरचा थर होतो. क्रेट आत जाताना त्यातून जातं आणि बाहेर येताना पुन्हा त्यातून येतं. कडेचे मणी दोनदा तेलात माखतात. मधल्या मण्यांना मिळतं खालचं पाणी, ज्यात कार्बोनेट आहे पण तेल नावापुरतं. जाळीवर दिसलेल्या तीन तऱ्हा इथेच ठरल्या होत्या.

दुसरा बिघाड, जो पाण्यावर ढकलला गेला असता

क्रेटवर खडूने क्रमांक होते, म्हणून आणखी एक गोष्ट हाती लागली. शेवटच्या साठ-सत्तर क्रेटचा माल सरसकट मागे पडलेला होता. तिथे तेलकट मणी कमी, टम्म मणीच जास्त. याचा कठीण पाण्याशी संबंध नव्हता.

ओलं क्रेट निथळून बाहेर काढलं तरी सोबत द्रावण नेतं. इथे साठेक क्रेटमागे पातळी ४० लिटरने उतरत होती आणि दर वेळी नळी सोडून साध्या पाण्याने टप भरला जात होता. २०० लिटरमधून ४० गेले आणि तेवढं साधं पाणी आलं की मात्रा चार पंचमांश उरते. तीनदा असं केलं की ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. लिटरला १५ मिलीचं तेल ७.७ मिलीवर आलं, २५ ग्रॅम कार्बोनेट १२.८ ग्रॅमवर. हा हिशोबही उदार आहे, कारण तेल मेणाला धरून राहतं आणि पाण्यापेक्षा जास्त प्रमाणात टपातून निघून जातं.

फुटलेल्या मण्यांचा आंबट रस पडून द्रावण "मरतं" असं शेडवर सर्रास बोललं जातं. आकडे त्याला साथ देत नाहीत. ५ किलो शुद्ध कार्बोनेट म्हणजे ३६ मोल. रसात लिटरला सहा ग्रॅम टार्टारिक आम्ल धरलं तर हे कार्बोनेट निम्मं वापरायलासुद्धा दोनशे लिटरहून जास्त रस पडावा लागेल. तेवढा रस टपात पडत असेल तर काळजी वेगळीच करायला हवी. सामू खरंच घसरलेला दिसला तर आधी कार्बोनेटच्या पोत्याकडे बघावं. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातले दमट खडे तोलून २५ ग्रॅम घेतले तरी त्यात कार्बोनेट तेवढं नसतं. स्वस्तात मिळाला म्हणून धुण्याच्या सोड्याचे खडे वापरणाऱ्यांचं नुकसान तर ठरलेलंच: त्या खड्यांच्या वजनात जवळजवळ ६३ टक्के पाणीच असतं, आणि वर सोडियमचा साबण पोटॅशियमच्या साबणाइतका सहज विरघळत नाही.

बदललेली कृती

उरलेल्या मालासाठी शेडवर जे केलं ते असं. पाणी आदल्या संध्याकाळी तयार करायचं. २०० लिटरच्या वेगळ्या प्लास्टिक टाकीत बोअरचं पाणी भरून घेतलं. ५ किलोच्या नेहमीच्या मात्रेवर १७० ग्रॅम जादा कार्बोनेट घेतलं, कारण १२० ग्रॅम कठीणपणा खाली बसवण्यात १६६ ग्रॅम खर्ची पडतं. सातशे ग्रॅम साबणाची भूक पावणेदोनशे ग्रॅम कार्बोनेटमध्ये भागते, आणि तीही तेलाला हात न लावता. तेल वाढवून या पाण्याशी झगडणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

कार्बोनेट एकदम टाकीत न ओतता आधी २० लिटरच्या बादलीत थोडं थोडं घालून विरघळवलं. विरघळताना ते गरम होतं आणि द्रावण डोळ्यात गेलं तर इजा करतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा. अॅल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही, ते खाल्लं जातं. प्लास्टिक किंवा स्टील चालतं. सगळं टाकीत मिसळून पाच मिनिटं ढवळलं आणि रात्रभर झाकून ठेवलं. अर्ध्या तासात वरचं पाणी नितळ वाटतं, पण मॅग्नेशियमचा साका बुळबुळीत आणि हलका असतो, तो बसायला वेळ घेतो. घाई केली की तोच टपात येतो. सकाळी तळापासून तीन इंच वर नळी ठेवून नितळ पाणी डिपिंगच्या टपात घेतलं. खालच्या गाळात जेवढं द्रावण गेलं तेवढं टपात कमी भरलं, म्हणून तेलाची मात्रा टपात आलेल्या लिटरांवर धरली, २०० वर नव्हे. १८५ लिटर आलं, तेल घेतलं २.७७५ लिटर.

पहाटेच्या गारठ्यात तेलाच्या कॅनच्या तळाशी पांढरट दाणे दिसत होते. हे तेलातले थिजणारे भाग: इथाइल पामिटेट २४ अंशांच्या आसपास थिजतं, इथाइल स्टिअरेट ३३ च्या आसपास. तसंच ओतलं तर प्रत्येक टपाला वेगळंच तेल जातं. कॅन कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून हलवून घेतला.

मग आधी दाट मिश्रण. टपातलं १० लिटर द्रावण बादलीत, त्यात रंग ढवळायची दांडी लावलेलं ड्रिल मशीन चालू ठेवून तेलाची बारीक धार. सगळं तेल जायला पाच मिनिटं, नंतर आणखी पाच मिनिटं. बारीक थेंब पाडायची ताकद दहा लिटरमध्ये लावणं सोपं. २०० लिटरचा टप हाताने कितीही ढवळला तरी तेवढी ताकद एका जागी पडत नाही. ड्रिल नसेल तर फवारणीचा एचटीपी पंप लावून बादलीतलंच मिश्रण गनमधून पुन्हा बादलीत मारत राहिलं तरी काम होतं, मात्र गन द्रावणात बुडवून, नाहीतर नुसता फेस. दाट मिश्रण साय काढलेल्या दुधापेक्षा घट्ट, भिंतीवर तेलाचे ओघळ न सोडणारं झालं की ते टपात ओतून ढवळलं.

डिपिंग सुरू करायच्या आधी टपातलं लिटरभर द्रावण त्याच सरळ बाटलीत भरून टपाच्या काठावर ठेवलं. दहा मिनिटांत कडं नाही, मग पहिला क्रेट. बुडवण्याचा वेळ तीन मिनिटं, दर पाच क्रेटमागे तळापासून वरपर्यंत ढवळणं. पातळी उतरली की साधं पाणी नाही. शेजारच्या पिंपात त्याच निवळलेल्या कार्बोनेटच्या पाण्यात त्याच पद्धतीने फेटलेलं पूर्ण मात्रेचं द्रावण तयार, ४० लिटरला ६०० मिली तेल. दिवस संपला की टप ओतून धुतला. माती, मेण आणि देठांचा चुरा थेंबांना चिकटून बसतो, शिळं द्रावण पुन्हा फेटून तितकं बारीक होत नाही. ओतायचं ते विहिरीपासून दूर, आणि रोज एकाच खड्ड्यात नाही.

निवळायला रात्र मिळणार नसेल किंवा कठीणपणा याहून खूप जास्त असेल तर दुसरा रस्ता आहे: कॅल्शियमला दाद न देणारा सर्फॅक्टंट. पॉलीसॉर्बेट ८० सारख्या नॉन-आयॉनिक इमल्सिफायरच्या डोक्यावर विद्युतभारच नसतो, त्यामुळे कॅल्शियमला धरायला काही सापडत नाही. सर्फॅक्टंटची ओढ पाण्याकडे जास्त की तेलाकडे हे सांगणारं एचएलबी नावाचं माप ग्रिफिन या रसायनशास्त्रज्ञांनी १९४९ साली मांडलं; त्यात याचा आकडा १५, म्हणजे तेलाला पाण्यात ठेवणाऱ्यांच्या गटात तो चांगला वर आहे. तेलाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपासून बाटलीत चाचणी सुरू करावी, खाद्य दर्जाचाच घ्यावा, आणि तेलातच आधी मिसळावा. तरीही पहिली पसंती निवळण्यालाच. त्यात विकत काही आणावं लागत नाही आणि मालावर नवं काही जात नाही.

जाळीवरच्या पहिल्या मालाचं काय केलं? चौथ्या दिवशी टम्म राहिलेल्या घडांच्या जाळ्या वेगळ्या केल्या आणि त्यांच्यावर निम्म्या मात्रेचं, नीट फेटलेलं द्रावण फवारलं. तेलकट मण्यांवर काहीच मारलं नाही, त्यांना आणखी तेल म्हणजे आणखी चिकटपणा. फवारलेल्या घडांनी दोन दिवसांत सुरकुती धरली, पण रंग तोवर पिवळट-तपकिरीकडे झुकला होता आणि तो परत आला नाही. माखलेले मणी वाळले, मात्र प्रतवारीच्या चाळणीवर एकमेकांना चिकटत राहिले. दोन्ही वेगळ्या खोक्यांत भरले. निवळलेल्या पाण्यात बुडवलेला पुढचा माल तेराव्या दिवशी झाडून जाळीवरून उतरला, घडाच्या पोटातले मणी आणि कडेचे मणी एकाच रंगाचे.